'पत्ता लागला नाही' : कर्करोगाच्या नोंदवहीचा एक इतिहास

इतिहासाला कागद हवा, हा आग्रह मराठीत राजवाड्यांनी रुजवला. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला, तेव्हापासून बखर आणि कागद यांच्यातले भांडण आपल्या परिचयाचे आहे. बखरीला आरंभ असतो, नायक असतो, शेवट असतो. कागदाला यातले काहीच नसते. तो यादी असतो, ताळेबंद असतो, कुणाच्या तरी कामापुरता लिहिलेला असतो आणि काम संपताच बस्त्यात बांधला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला बखर जवळची वाटावी, हे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखात मात्र आम्ही अशा एका कागदाकडे वळू इच्छितो, ज्याच्याकडे आपल्यापैकी फारसे कुणी वाचनाचा विषय म्हणून पाहिलेले नाही. हा कागद म्हणजे रुग्णालयातला केसपेपर आणि अशा हजारो केसपेपरांवरून रकान्यारकान्यांत उतरवून घेतलेली कर्करोगाची नोंदवही.

सुझन सॉन्टॅग यांचे 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' हे पुस्तक १९७८ साली आले. साहित्याच्या वर्गात कर्करोगाचा विषय निघाला की ते निघतेच. आजाराला रूपकांच्या पुटांतून सोडवले पाहिजे, ही त्यांची मांडणी. त्या स्वतः स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या, तरी पुस्तकात स्वतःच्या आजाराचा उल्लेख त्यांनी कटाक्षाने टाळला. ही मांडणी शेवटाला नेली, तर रूपकापासून सर्वांत दूर असलेला मजकूर कोणता ठरेल? आमच्या मते नोंदवही. वय, लिंग, पत्ता, रोगाचे स्थान, निदानाची तारीख, निदान कशावरून केले, शेवटची खबर कोणत्या तारखेची, त्या तारखेस जिवंत की मृत. येथे युद्ध नाही, शाप नाही, खेकडाही नाही. पण ही नोंदवही नीट वाचू लागले की लक्षात येते, की तिलाही निवेदक आहे, तिलाही मौने आहेत, आणि त्या मौनांचे वाटप समाजात समान झालेले नाही. तिचा इतिहास या मौनांच्या अंगाने पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

रुग्णांच्या नोंदींतून कर्करोगाविषयी काही शिकता येते, हे प्रथम दिसले ते मृत्यूच्या नोंदींत. इटलीतल्या व्हेरोना शहरात १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांत झालेल्या मृत्यूंची नोंद दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी तपासली आणि १८४२ साली आपले निष्कर्ष मांडले. गर्भाशयाच्या कर्करोगाने मेलेल्यांत विवाहित स्त्रिया आणि विधवा यांचा भरणा होता, मठातल्या जोगिणी जवळजवळ नव्हत्याच. उलट स्तनाच्या कर्करोगाने मरणाऱ्यांत जोगिणींचे प्रमाण अधिक होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू असतो, हे कळायला त्यानंतर जवळपास दीडशे वर्षे जावी लागली. पण रकाना आधीच बोलून गेला होता. आणि तो का बोलू शकला, तर व्हेरोनाच्या कारकुनाने मृत बाईच्या नावापुढे ती विवाहित की विधवा की जोगीण हे लिहून ठेवले होते म्हणून. ते त्याने वैद्यकासाठी लिहिले नव्हते. समाजाला बाईविषयी जे महत्त्वाचे वाटत होते, ते त्याने लिहिले. नोंदवहीत कोणता रकाना असतो यावरून समाजाची नजर कळते, आणि कोणता नसतो यावरूनही.

मृत्यूची नोंद रोग किती आहे ते सांगते. रोग झाल्यावर माणूस किती जगतो, हे ती सांगत नाही. त्यासाठी निदानापासून मृत्यूपर्यंत एका माणसाचा धागा हातात राहावा लागतो. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १७९२ साली सॅम्युएल व्हिटब्रेड या मद्य-उत्पादकाच्या देणगीतून कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक स्वतंत्र कक्ष निघाला. येथे आलेला रुग्ण बरा होईपर्यंत अथवा मरेपर्यंत राहू शकत असे. साहजिकच त्याचा शेवट कागदावर येई. या कक्षातल्या, १८०५ ते १९३३ या काळातल्या, कोणताही उपचार न झालेल्या स्तन-कर्करोगाच्या २५० रुग्णांच्या नोंदी ब्लूम, रिचर्डसन आणि हॅरिस यांनी १९६२ साली अभ्यासल्या. निम्म्या स्त्रिया लक्षण दिसल्यापासून २.७ वर्षांच्या आत गेल्या होत्या; पाच वर्षांनंतर १८ टक्के हयात होत्या, दहा वर्षांनंतर ४ टक्क्यांहूनही कमी. उपचारांनी काय साधते हे मोजायला उपचाराविना काय होते हे ठाऊक असावे लागते, म्हणून हा निबंध पुढे सतत आधाराला घेतला गेला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. वैद्यकात ज्याला रोगाचा 'नैसर्गिक' क्रम म्हणतात, तो येथे कुणाच्या आयुष्यांवरून ठरला? धर्मादाय कक्षात आलेल्या, बहुतांशी रोग पुष्कळ पुढे गेल्यावरच दारात पोहोचलेल्या स्त्रियांच्या. त्यांना इतका उशीर का झाला, याला रकाना नव्हता. निसर्गाच्या नावावर जे जमा झाले, त्यात निसर्ग किती आणि दारिद्र्य किती, हे त्या २५० नोंदींतून आता वेगळे काढता येणार नाही.

इंग्लंडमध्येच १९२६ साली जॅनेट लेन-क्लेपन यांनी स्तन-कर्करोगाच्या ५०० रुग्ण स्त्रिया आणि तो नसलेल्या ५०० स्त्रिया यांची तुलना करणारा अहवाल आरोग्य मंत्रालयासाठी लिहिला. आज ज्या पद्धतीला रोगी-नियंत्रण अभ्यास म्हणतात, तिचा हा आद्य नमुना. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया पुढे किती वर्षे जगल्या, आणि रोग लवकरच्या अवस्थेत असताना आलेल्यांत व उशिरा आलेल्यांत किती अंतर पडते, याचाही शोध त्यांनी त्याच दशकात घेतला. १९२९ साली त्यांनी विवाह केला आणि तेव्हाच्या रिवाजानुसार सरकारी नोकरी सोडली. विवाहित स्त्रीला ती ठेवता येत नसे. व्हेरोनाच्या नोंदवहीतला तो 'विवाहित' रकाना आपल्यालाही लागू होतो, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसेल.

पुढे देशोदेशी, एखाद्या रुग्णालयापुरत्या नव्हे तर एका प्रदेशातल्या सर्व रुग्णांची गणती करणाऱ्या नोंदण्या उभ्या राहिल्या. डेन्मार्कची राष्ट्रव्यापी नोंदणी १९४२ मधली, म्हणजे देश जर्मनांच्या ताब्यात असतानाची. नोंदी वाढल्या तशी एक जुनी अडचण मोठी झाली. सगळेच रुग्ण मरेपर्यंत थांबून हिशेब करता येत नाही. काही जिवंत असतात, काही मधूनच दिसेनासे होतात. अशा अपुऱ्या आयुष्यांचे गणित कसे मांडायचे? याचे आज सर्वत्र वापरले जाणारे उत्तर १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी दिले. दोघांनी आपापले निबंध स्वतंत्रपणे लिहिले होते आणि ते एकत्र करून एकच निबंध सिद्ध झाला. मायर वैद्यकीय संशोधनाच्या बाजूने आले होते. कॅप्लन बेल प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न होता समुद्राखालून जाणाऱ्या दूरध्वनीच्या तारांवर बसवलेल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतात, हा.

साहित्याच्या वाचकाला आणखी एक गंमत वाटेल. ज्याचा शेवट आपल्याला दिसला नाही, अशा नोंदीला संख्याशास्त्रात 'सेन्सॉर्ड' म्हणतात. कात्री लावलेली. हे गणित एका गृहीतकावर उभे आहे : जो दिसेनासा झाला, त्याचे पुढे जे काही झाले असेल ते मागे राहिलेल्यांसारखेच झाले असेल. नळ्यांच्या बाबतीत हे गृहीत धरायला हरकत नाही. नळी पैसे संपले म्हणून उपचार अर्धवट टाकून गावाला जात नाही. तिच्या नवऱ्याची बदली होत नाही, तिची झोपडपट्टी उठवली जात नाही. माणसाच्या बाबतीत मात्र नाहीसे होण्याला कारण असते, आणि ते कारण बहुधा तेच असते जे त्याच्या जगण्यामरण्याचाही निकाल लावते. सेन्सॉर कुणाला कात्री लावतो, हे कधीच यदृच्छेने ठरत नसते. हे आपल्या क्षेत्रात कुणाला नव्याने सांगायला नको.

आता मुंबईकडे वळू. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथल्या विकृतिशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे या इतिहासातले एक लक्षणीय नाव. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासह भारतात आढळणाऱ्या आणि लोकांच्या चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात कमरेला घट्ट कसलेल्या धोतराच्या काठाखाली होणारा त्वचेचा कर्करोग होता, आणि आंध्र किनाऱ्यावर चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात त्यातून टाळूला होणाराही. कर्करोगाची नोंद घेताना माणसाचे नेसणे, ओढणे, चघळणे विचारले पाहिजे, ही दृष्टी येथे दिसते. केसपेपर जणू थोडासा लोकवाङ्मयाच्या संग्राहकासारखा वागू लागतो.

परंतु रुग्णालय म्हणजे शहर नव्हे. जे तेथे पोहोचले त्यांचीच नोंद होते. शहरातल्या प्रत्येक रुग्णाला गाठायचे, या उद्देशाने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत भारतातली पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. सोसायटी १९५१ सालची. नवल टाटा आणि जस्सावाला हे तिचे संस्थापक. डेन्मार्कमध्ये डॉक्टर नोंद पाठवीत. येथे कुणी काही पाठवील अशी आशा नव्हती आणि सक्ती करणारा कायदाही नव्हता. म्हणून नोंदणीचे कर्मचारीच रुग्णालयांत, प्रयोगशाळांत, महापालिकेच्या मृत्यू-नोंदणीच्या दप्तरात जाऊन बसत आणि कागद उतरवून घेत. शास्त्रीय परिभाषेत याला सक्रिय नोंदणी म्हणतात. आमच्या दृष्टीने हे दप्तरे धुंडाळणाऱ्या इतिहाससंशोधकाचेच काम, फक्त येथे कागदातली माणसे अजून जिवंत असण्याचा संभव असे.

या कामातल्या अडचणी वाचण्याजोग्या आहेत. एकच बाई तीन रुग्णालयांत गेली, तर ती एकदाच मोजली गेली पाहिजे. पण एकीकडे तिचे माहेरचे नाव, दुसरीकडे सासरचे, तिसरीकडे इंग्रजी लेखनाच्या तऱ्हेने ओळखू न येणारे. वय अंदाजे. पत्ता 'अमक्या गिरणीमागे'. शिवाय शहराची नोंदणी शहरात किमान एक वर्ष राहिलेल्यांचीच. उपचारासाठी बाहेरून आलेला मुंबईचा नव्हे. 'आनंद' हा चित्रपट १९७१ सालचा. त्या वेळी मुंबईत ही नोंदणी सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. आतड्याचा लिम्फोसार्कोमा घेऊन दिल्लीहून आलेला तो नायक अवघ्या मुंबईला रडवून गेला. पण या नियमाने मुंबईच्या आकड्यांत तो धरला गेला नसता. हे विनोदाने लिहिले तरी नियम योग्यच आहे. नाहीतर सगळ्या देशाचा रोग परळच्या नावावर जमा होईल. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की विदर्भातून वा बिहारातून आलेला, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत वा थेट रुग्णालयासमोरच्या पदपथावर पथारी टाकून राहिलेला माणूस मुंबईच्या नोंदवहीत येत नाही, आणि त्याच्या जिल्ह्यात नोंदणीच नसेल तर तो कुठेच येत नाही.

जे आले, त्यांच्या नोंदींनी मोठे काम केले. मुंबईच्या नोंदवहीत धर्माचा आणि मातृभाषेचा रकाना होता. त्यातून पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, असे चित्र स्पष्ट झाले. लग्नाचे वय, मुलांची संख्या, राहणीमान यांचा संबंध शोधण्याला त्यातून चालना मिळाली. व्हेरोनाच्या जोगिणींची आठवण येथे कुणालाही व्हावी. उत्पन्न विचारून खरे उत्तर मिळत नाही, म्हणून शिक्षणाच्या रकान्यालाच आर्थिक स्थितीचा प्रतिनिधी मानले गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा भार निरक्षर स्त्रियांवर जास्त पडतो, हे त्या रकान्याने दाखवले.

१९८१ च्या अखेरीस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि मुंबईसोबत बंगळूर, मद्रास ही शहरे त्यात आली. रोग किती, हे हळूहळू कळू लागले. किती जगतात, हा प्रश्न मात्र अवघडच राहिला, कारण त्यासाठी पाच वर्षांनी पुन्हा त्याच माणसाला शोधायचे असते.

ते शोधणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागत नाही. पाश्चात्त्य देशांत रुग्णांची यादी आणि मृत्यूंची यादी जुळवली की काम भागते. मृतांत नाव नाही, म्हणजे माणूस जिवंत. आपल्याकडे मृत्यूची नोंद होतेच असे नाही, झाली तरी कारण नेमके लिहिलेले नसते, आणि मृत्यू बहुधा गावी जाऊन होतो. म्हणून पोस्टकार्ड टाकायचे. उत्तर नाही आले की माणूस पाठवायचा. तो जाऊन येतो आणि शेरा लिहितो. जिवंत, मृत, तारीख अमुक, अथवा, पत्ता लागला नाही.

या तिसऱ्या शेऱ्याचे वजन किती, हे चेन्नईच्या नोंदणीतील स्वामिनाथन, रमा आणि शांता यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यांनी आपल्याच रुग्णांची गणना दोन प्रकारे केली : एकदा घरोघरी शोध घेऊन, आणि एकदा पाश्चात्त्य रीतीने, म्हणजे मृत्यूच्या दप्तरात नाव न आढळलेला प्रत्येक जण जिवंत धरून. दुसऱ्या रीतीत जगण्याचे प्रमाण फुगले. दाराशी न जाता कागदावर विसंबले, तर शहराचे आरोग्य आपोआप सुधारते! शासकीय दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. त्याआधी १९९५ साली टाटा स्मारक रुग्णालयातले संख्याशास्त्रज्ञ बी. गणेश यांनी नाहीशा झालेल्यांसाठी गणितात दुरुस्ती सुचवली होती. जो नाहीसा झाला तो सरासरी रुग्णासारखा नव्हे, तर त्याच्याच वयाच्या, त्याच्याच शिक्षणाच्या, रोगाच्या त्याच टप्प्यावर असलेल्या रुग्णासारखा मानावा, असा तिचा साधारण आशय. गणिताच्या भाषेत ही लहानशी दुरुस्ती आहे. आम्हाला ती फार मोठी वाटते. गैरहजर माणसालाही वर्ग असतो, असे तिने समीकरणात लिहिले.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला गेला. १९९९ साली मायकेल कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ ते १९९५ या काळातल्या सुमारे तीस लाख रुग्णांच्या नोंदींचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. केसपेपरवर उत्पन्न नव्हते, पण पत्त्यातला पोस्टकोड होता. त्या पोस्टकोडच्या वस्तीत जनगणनेनुसार किती घरे दाटीची, किती पुरुष बेकार, किती जणांकडे मोटार नाही, यावरून वस्तीचे वंचितपण ठरवले गेले. बहुतेक सर्व कर्करोगांत वंचित वस्तीतले लोक संपन्न वस्तीतल्यांपेक्षा कमी जगत होते, आणि हे ज्या देशात उपचार सर्वांना विनामूल्य आहेत तेथे. २००० सालच्या तेथल्या राष्ट्रीय कर्करोग योजनेत या विषमतेची दखल घ्यावी लागली. आपल्याकडचा पिनकोड धारावी आणि तिच्याशेजारच्या इमारतींना एकाच माळेत ओवतो. त्यातून असे काही निघणे कठीण.

पत्ता माहीत असणे आणि माणूस शोधला जाणे, या दोन्ही गोष्टी एकत्र कुठे आल्या असतील तर त्या बार्शीत, असे आमचे मत आहे. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले परंडा आणि भूम, असे तीन तालुके आणि ३४६ गावे घेऊन १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. आधार होता बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचा आणि डॉ. भगवान नेने यांच्यासारख्या तेथेच पाय रोवून बसलेल्या डॉक्टरांचा. मुंबईची रीत येथे चालणे शक्य नव्हते. रुग्णालयांत जाऊन कागद उतरवावेत, तर गावचा रुग्ण रुग्णालयात आलेलाच नसे. बाईला अंगावरून पांढरे जाते, मधूनच रक्त जाते. ती हे घरात बोलत नाही, आणि बोलली तर 'होते वयाप्रमाणे' असे उत्तर मिळते. रोगाला नाव मिळत नाही तोवर नोंद कशाची करणार?

तेव्हा नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. सरपंच, शिक्षक, सुईणी यांच्या गाठी घेऊन, चावडीत वा देवळात लोक जमवून, कोणती लक्षणे दिसली तर दुर्लक्ष करू नये ते सांगू लागले. उद्देश रुग्ण सापडावेत, गणना पुरी व्हावी, हा. संशयित रुग्णाला बार्शीला आणून निदान करून घेत, मग नोंद. असे करता करता नोंदवहीतच एक बदल दिसू लागला. कस्तुरी जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो मांडला आहे : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे पूर्वी बरेचसे उशिराच्या टप्प्यात येणारे रुग्ण आता अधिक प्रमाणात लवकरच्या टप्प्यात येत होते. पुढे १९९८ साली त्यांच्या जगण्याचे प्रमाण वाढल्याचेही त्यांनी दाखवले. कोणतेही नवे औषध आले नव्हते. मोठे यंत्रही आले नव्हते. मोजायला आलेल्या माणसाने लक्षणांची नावे उच्चारली होती.

संशोधनाच्या काटेकोर दृष्टीने हा दोषच म्हणता येईल. निरीक्षकाने निरीक्षणाचा विषय बदलून टाकला. पण मिडलसेक्सच्या त्या २५० स्त्रियांशेजारी हा निबंध ठेवून वाचावा. तेथे नोंद घेणारा पलंगाशी उभा होता आणि उशीर हा निसर्गाच्या खात्यात गेला. येथे नोंद घेणारा वाडीवस्तीवर चालत गेला आणि उशीर हा बदलता येण्याजोगा निघाला. टप्प्याचा हा फरक केवढा असतो, ते राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळेल. अकरा नोंदण्यांतल्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण एकंदरीत ६६.४ टक्के आढळले. पण रोग स्तनापुरता असताना निदान झालेल्यांत ८१ टक्के, आणि दूरवर पसरल्यावर निदान झालेल्यांत १८.३ टक्के. मिझोराममध्ये ७४.९ टक्के, तर अरुणाचलातल्या पासीघाटला ४१.९. दोन्ही ईशान्येचेच डोंगरी मुलूख. 'दुर्गम भाग' हा एक शब्द दोघांना पुरत नाही.

बार्शीच्या याच पायावर पुढे एक मोठा प्रयोग उभा राहिला, आणि त्याच्याविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (२०२३ पासून धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे, गावांचे ५२ गट पाडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भाग करण्यात आले. तिघांना गर्भाशयमुखाच्या तपासणीची एकेक पद्धत : विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी, किंवा अ‍ॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या स्त्रियांना नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे व्यवहारात तपासणी नाही. २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले; तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. एकदाच केलेली एक चाचणी मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हे जगाला या जिल्ह्याने सांगितले. गरीब देशांतल्या तपासणीविषयीच्या पुढील विचारात या अभ्यासाला फार मोठे स्थान मिळाले.

ज्या रोगावरच्या तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत कित्येक दशके दिसत होता, तिच्यावाचून तीस हजारांवर स्त्रियांना तुलनेसाठी ठेवावे का, यावर नंतर बरेच कडवट लिहिले गेले. प्रयोगाच्या बाजूने असे सांगितले गेले, की त्या गावांत तशीही तपासणी नव्हती, प्रयोगाने कुणाचे काही काढून घेतले नाही, आणि पेशींची चाचणी आपल्या खेड्यांत कितपत चालेल हे कुणालाच ठाऊक नव्हते. हे खरे आहे. पण 'तशीही नव्हती' या वाक्याला कर्ता नाही. मराठीच्या शिक्षकाने एखाद्या विद्यार्थ्याच्या निबंधात हे वाक्य पाहिले, तर तो समासात लिहील : कुणी दिली नव्हती? शासनाने सर्वत्र दिली नसलेली सेवा प्रयोगात 'नेहमीची सेवा' या नावाने स्थिर झाली. प्रयोगकर्त्यांना सर्व दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते. ती अवस्था त्यांनी निर्माण केलेली नव्हती. तिची नोंद मात्र त्यांच्या तक्त्यात चौथ्या रकान्यात आहे.

आणखी एक गोष्ट त्या तक्त्याविषयी. ६४ हा आकडा कळला, कारण त्या प्रत्येक बाईचा शेवट कुणीतरी जाऊन विचारला होता. या गटावर तपासणीचा खर्च झाला नव्हता, पण पाठपुरावा त्याचाही तितकाच बारकाईने झाला. तो नसता तर ३४ या आकड्याशी ताडून पाहायला काही उरले नसते. लगतच्या ज्या जिल्ह्यांत नोंदणी नाही, तेथेही तीच लक्षणे, तेच 'होते वयाप्रमाणे'. तेथल्या मृत्यूंचा दाखला ग्रामपंचायतीच्या वहीत असेल. कारणाच्या जागी ताप, अशक्तपणा किंवा वार्धक्य असे लिहिलेले असेल, आणि वय पंचेचाळीस.